वीतभर स्वेटर

पन्नास वर्षांनी तो गाजलेला कृष्णधवल सिनेमा पुन्हा लागला, तेव्हा म्हाताऱ्या नटीला मुलानं हाताला धरून आणलं. पडद्यावर ती लेकासाठी स्वेटर विणू लागली आणि आजूबाजूला मुसमुस सुरू झाली. तिथं काळी दिसणारी लोकर लाल होती, हे त्याला ठाऊक. तो सात वर्षांचा असताना आईनं त्याच्याच पाठीचं वितीनं माप घेतलं होतं: "तुझ्यासाठीच विणतेय, सोन्या." पण शूटिंग लांबलं. प्रत्येक शॉटमध्ये स्वेटर वीतभरच दिसायला हवा, म्हणून दिवसभर विणलेलं ती संध्याकाळी उसवायची आणि हा कुडकुडत रोज विचारायचा, "झाला का?" एकदाचा झाला. पडद्यावरच्या पोरानं तो अंगात घातला आणि थिएटर टाळ्यांनी दणाणलं. आईनं डोळे टिपले. "किती छान बसला होता रे तुला!" "बसला होता गं," तो म्हणाला, "फक्त आत मी नव्हतो."