बाटलीचं काय झालं?

"हलवायची नाही," नीरजा म्हणाली. "आधी फ्रीजरमधून काढून नुसती टेबलावर ठेवायची. बर्फ विरघळला की झाकण काढायचं."

"हां," भिकाजी म्हणाला.

बाटली करंगळीच्या पेराएवढी होती. माणसाच्या त्वचेच्या पेशींना वाढायला लावणारं एक प्रथिन असतं. तेच परदेशातल्या एका कंपनीनं जिवाणूंकडून बनवून घेऊन तिच्यात भरलं होतं आणि वर 'फक्त संशोधनासाठी' असं बजावलं होतं. रत्नागिरीला पोचायला त्याला साडेतीन महिने लागले. थर्माकोलचा खोका बघून गेटवरच्या रामानं "मॅडमची सुरमई आली" असा निरोप वर पाठवला, तेव्हा नीरजा दोन-दोन पायऱ्या उतरत धावली होती. भिकाजीनं त्याच दिवशी फ्रीजरसमोर नारळ वाढवला आणि स्टीलच्या तबकातून सगळ्यांना खोबरं वाटलं. प्रयोगशाळेत हे बरं दिसतं का, असं नीरजाच्या मनात आलं. पण खोबरं तिनंही खाल्लं.

भिकाजी मालगुंडचा. कॉलेजच्या या प्रयोगशाळेत मदतनीस म्हणून त्याला तीस वर्षं झाली होती. हात मुलांपेक्षा स्थिर, आणि बोलणं त्याहून जपून. स्पिरिट संपलं की तो 'संपलं' म्हणायचा नाही, 'आणायला झालंय' म्हणायचा. मुलं मुद्दाम "काका, काय संपलं?" विचारून त्याला छळायची.

गुरुवारी नीरजाला मुंबईत प्रकल्पाला पैसे देणाऱ्या समितीपुढे हजर व्हायचं होतं. आधीच्या दोन्ही खेपांना पेशी मेल्या होत्या. या खेपेला वाढ दाखवली नाही, तर प्रकल्प बंद आणि खोली कॉम्प्युटर विभागाला. नीरजाची सहा वर्षं त्या खोलीत गेली होती. तिला भीती वाटत होती, आणि ती तिनं कोणालाच सांगितली नव्हती.

मुलं शिमग्याला आपापल्या गावी पांगली होती आणि नीरजाला मंगळवारी रात्रीच मुंबईला निघायचं होतं. म्हणून बुधवारी सकाळी डिशमध्ये थेंब टाकायचं काम भिकाजीकडे आलं. डिशमधल्या पेशींच्या थरावर तिनं मधोमध एक ओरखडा काढून ठेवला होता. प्रथिन चांगलं असेल तर दिवसभरात पेशी वाढून तो बुजणार होता. गुरुवारी सूक्ष्मदर्शकातून बघायचं आणि सांगायचं, एवढंच काम. ते तिनं त्याला चार वेळा करून दाखवलं.

"एकच बाटली आहे, काका. जाते मी."

"येते म्हणा, मॅडम."

"येते," ती हसून म्हणाली.

गुरुवारी तीन वाजता समितीच्या दाराबाहेरून तिनं प्रयोगशाळेत फोन लावला.

"काका, बाटलीचं काय झालं?"



"वाढली, मॅडम."

"काय सांगता! नक्की?"

"माझ्याच हातून वाढली."

"पूर्ण? मधे काही राहिलं नाही ना?"

"कायेक र्‍हायलं नाय."

त्याचा आवाज भरून आला होता. नीरजाच्याही डोळ्यांत पाणी आलं. कित्येक महिन्यांत पहिल्यांदाच तिला मोकळा श्वास घेता आला.

"अहो, रडताय काय? तुमच्या हाताला गुण आहे."

"तुमचं मन मोठं, मॅडम," तो कसाबसा म्हणाला.

आतून तिचं नाव पुकारलं गेलं. स्वतः बघितल्याशिवाय बोलायचं नाही, हा तिचा नेहमीचा नियम. त्या दिवशी तिनं तो बाजूला ठेवला आणि समितीला ठणकावून सांगितलं, की नवी बाटली उत्तम आहे, ओरखडा एका दिवसात बुजला. समितीतले एक प्राध्यापक म्हणाले, मग मी उद्याच येऊन बघतो. तसं असेल तर तीन वर्षं मुदत दिली म्हणून समजा.

"जरूर या, सर," नीरजा म्हणाली.

शुक्रवारी दुपारी दोघं जिना चढून वर आली. नीरजाच्या हातात पेढ्यांचा खोका होता. पहिला पेढा भिकाजीकाकांना, असं तिनं वाटेत सरांना दोनदा सांगितलं होतं.

प्रयोगशाळेची फरशी स्वच्छ पुसलेली होती. भिकाजी फ्रीजरपाशी हात जोडून उभा होता. शेजारच्या टेबलावर ते खोबऱ्याचं तबक होतं. त्यात बारीक काचा गोळा करून ठेवलेल्या, वर हळदकुंकू आणि एक जास्वंदीचं फूल. सरांनी तबकाकडे पाहिलं, मग नीरजाकडे.

"मॅडमना काल फोनवर सांगितलंय मी," भिकाजी त्यांना म्हणाला. "वाढली म्हणून."