उत्तर न देणारे एकशे बारा

सव्वादोन वाजता ताईंनी अकराव्या पानावर पेन्सिल टेकवली आणि तिथेच थांबल्या.

"सही कर ना ताई, छापखान्याचा माणूस खाली खोळंबलाय," धाकटी बहीण म्हणाली. ती वकील. टेलिफोन कंपन्यांवर प्राधिकरण लक्ष ठेवतं. त्या प्राधिकरणावर लक्ष ठेवायला तिने सात महिन्यांपूर्वी हा नागरिकांचा गट उभा केला होता. अहवाल पाचच्या आत प्राधिकरणाच्या आवक खिडकीवर पडला, तरच तो उद्याच्या जाहीर सुनावणीत वाचला जाणार होता. इथल्या टेलिफोन कंपनीचा परवाना आणखी दहा वर्षं वाढवायचा की नाही, हे त्याच सुनावणीत ठरणार होतं.

"हे एकशे बारा जण कोण?" ताईंनी विचारलं.

"कुठले?" कोपऱ्यातल्या टेबलावरून प्राध्यापकांनी मान वर केली. अहवालातली आकडेमोड त्यांची.

"'उत्तर दिलं नाही' म्हणून तुम्ही गाळलेत ते."

प्राध्यापकांनी वर्गात सांगावं तसं समजावून सांगितलं. प्राधिकरणाने निकाली काढलेल्या चारशे तक्रारी घेतल्या. प्रत्येक तक्रारदाराला फोन करून विचारलं, काम झालं का. दोनशे अठ्ठ्याऐंशी जण बोलले, त्यातले दोनशे छत्तीस 'हो' म्हणाले. म्हणजे ब्याऐंशी टक्के. तीनदा फोन करूनही ज्यांनी उचलला नाही, ते गणतीबाहेर. प्राधिकरणाचाही नियम हाच. आपल्या पद्धतीवर कुणाला बोट ठेवता येऊ नये, म्हणून त्यांचीच पद्धत जशीच्या तशी उचलली होती.

"आणि या एकशे बारांची तक्रार काय होती?"

"ते दुसऱ्या यादीत आहे."

"दोन्ही याद्या मी शेजारी ठेवल्यात. जरा इकडे या."

ताईंनी एकतीस वर्षं एक्स्चेंजमध्ये लोकांचे कॉल जोडून दिले होते. यादी वाचताना त्यांची पेन्सिल ओळ चुकत नसे. प्राध्यापक वाकून बघू लागले. फोन लागत नाही. फोन लागत नाही. रेंज नाही. चार महिने फोन बंद. फोन लागत नाही. एकशे बारांपैकी सत्त्याण्णव.

प्राध्यापकांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. आकडा तोच होता.

"म्हणजे काय झालं," ताई म्हणाल्या, "बहिऱ्याच्या दारात उभं राहून आपण हाका मारल्या, आणि घरात कुणी नाही असं लिहून परत आलो."

वकीलबाई मटकन खुर्चीत बसली. "प्राधिकरणही हेच करतं. तीन फोन, उत्तर नाही, तक्रार बंद."

"करतंच. त्यांना धरायला निघालो आणि त्यांच्याच खड्ड्यात पडलो."

"तळटीप टाकू," प्राध्यापक पुटपुटले. "बारीक अक्षरात का होईना."

"उद्या कंपनीचा वकील तुमची तळटीप वाचणार? तो ब्याऐंशी टक्के वाचेल आणि म्हणेल, बघा, टीका करणारेही हेच सांगतात."

प्राध्यापकांनी तळटीपेसाठी उघडलेलं पेन बंद केलं. वकीलबाई मात्र ऐकेना.

"ताई, सात महिने राबलोय आपण! आज अहवाल नाही दिला, तर पुन्हा दहा वर्षं कुणी आपल्याला विचारणार नाही. लहानपणीही तुझं हेच. माझी वही तपासून झाल्याशिवाय खेळायला सोडायची नाहीस."

"म्हणून तर वकील झालीस."

"चेष्टा नको."

"चेष्टा कोण करतंय? अहवाल द्यायचाच आहे. खोटा द्यायचा नाही, एवढंच." ताईंनी यादीतल्या त्रेचाळीस नावांपुढे खुणा केल्या. "हे सगळे एकाच वसाहतीतले. टेकडीच्या पलीकडे, बसने अर्धा तास. जाऊन विचारते."

वकीलबाईने घड्याळाकडे पाहिलं, मग बहिणीकडे. मग उठून गॅलरीत गेली आणि खाली ओरडली, "अकरावं पान सोडून बाकीचं छापायला घ्या! ते पान मी हाताने लिहिणार आहे!"

आत येऊन तिने एक कोरा कागद घेतला, त्यावर चौकट आखली. आत काहीच लिहिलं नाही.

"पाच वाजेपर्यंत मी आवक खिडकीपुढे उभी राहते. चौकट तिथेच भरीन."

"त्रेचाळीस दारं व्हायची नाहीत," प्राध्यापक म्हणाले. "वेळच नाही तेवढा."

"होतील तेवढी करू," ताई म्हणाल्या. "जिथे पोहोचलो नाही, तिथे 'विचारलं नाही' असं लिहायचं. 'उत्तर दिलं नाही' असं नाही."

"करू म्हणजे? मीपण?"

"मग? तुमच्या टक्क्यांना आज थोडं ऊन लागू द्या."

प्राध्यापकांनी यादीची घडी घालून खिशात ठेवली आणि ताईंच्या मागोमाग निघाले. दारात ते थबकले.

"पण आकडा वकीलबाईंना कळवायचा कसा? तिथून तर फोन..." पुढचं वाक्य त्यांनी आपणहूनच गिळलं.

ताई चार पायऱ्या उतरल्या होत्या. त्यांनी वळून प्राध्यापकांच्या पायांतल्या चकचकीत बुटांकडे पाहिलं.

"हे बदला आधी," त्या म्हणाल्या. "येताना बस मिळाली नाही तर टेकडी उतरून धावत यायचंय."