जाड-बारीक

मुक्ताबाई शिडीवरून सातवं नाव संपवत होती, तेवढ्यात खाली अर्जुनरावांची जीप येऊन थांबली.

"हे काय? माझं नाव कुठाय?"

अर्जुनराव दूध संस्थेचे चेअरमन. उद्या चौसाळ्याच्या रस्त्यावरच्या या नव्या इमारतीचं उद्घाटन. भिंतीवर त्यांचं नाव मोठं, आणि संस्था उभी करणाऱ्या अकरा बायकांची नावं खाली एका ओळीत, बारीक, असं त्यांनी कागदावर लिहून दिलं होतं. अक्षरं मात्र सगळी धर्मराज पेंटरच्या वळणाची हवीत. काना मुसळाएवढा जाड, वळण केसाएवढं बारीक. जाणाऱ्यायेणाऱ्याची मान वळलीच पाहिजे, असं ते अक्षर.

धर्मराज ऊसतोडीला गेला होता. दुष्काळात पाट्या कोण रंगवून घेतंय? आजवर बारीक रेघ तो ओढायचा आणि जाड भाग त्याची बायको मुक्ताबाई भरायची. बारीक रेघ बाईच्या हाताला जमत नाही, असं त्याचं म्हणणं. जमली की हो! चांगली सात नावं जमली.

मुक्ताबाई खाली उतरली. "हे अक्षर ल्हान काढलं की त्याची बारीक रेघ दिसत न्हाई, अण्णा. रस्त्यावरनं नुसते काने दिसतेत, गोठ्यात खुंट ठोकल्यागत. वाचायचं तर नाव हातभर उंच पायजे. अकरा काढली की भिंत सरली."

"मग त्यांची गाळायची अन् माझं काढायचं. एवढी अक्कल न्हाई तुला?"

मुक्ताबाईच्या डोक्यात तिडीक गेली. दोन उन्हाळे गावाच्या विहिरी कोरड्या होत्या. तेव्हा या अकरा जणींनी तीन कोसांवरून डोक्यावर चारा आणून म्हशी जगवल्या, संस्थेचा कॅन एक दिवस रिकामा जाऊ दिला नाही. त्या दिवसांत ही जीप कुणाच्या नजरेस पडली नव्हती.

"अकलेचं मला ठावं न्हाई. म्हशीचं शेण कुणी काढलं, ते ठावं हाय."

ड्रायव्हर तोंड फिरवून हसला. अर्जुनराव लालेलाल झाले. "सकाळी माणूस लावून सगळ्या भिंतीला चुना मारतो. बघतो कोण आडवं येतंय!"

"मारा की. कुणी आडवं येत न्हाई." मुक्ताबाईनं रंगाचा डबा उचलला आणि ती पुन्हा शिडी चढली. "नावं ऑईल पेंटची हायेत. पाऊस पडला की चुना धुऊन जाईल, नावं ऱ्हातील."

"पाऊस?" अर्जुनरावांनी कोरड्या आभाळाकडे हात केला. "कुठाय पाऊस?"

"मग ह्या बायांनी म्हशी कशाच्या भरवशावर जगवल्या?" ती म्हणाली, आणि आठव्या नावाची बारीक रेघ ओढायला तिनं श्वास रोखला.