त्रयस्थ साक्षीदार

मशीनने रुपलचा अंगठा पुन्हा नाकारला. “कृपया पुन्हा प्रयत्न करा,” मशीनमधली बाई गोड आवाजात म्हणाली. वर्षभर ती हेच सांगत होती, आणि वर्षभर रुपल तिचं ऐकत होती.

“बघितलंत?” चुरीसाहेब समाधानाने म्हणाले.

डहाणूच्या त्या कॉलेजात फॉरेन्सिक सायन्सचा विभाग निघाला, तेव्हा त्याला वाट दाखवायला तीन तज्ज्ञ सल्लागार नेमले गेले. चुरीसाहेब निवृत्त ठसेतज्ज्ञ, म्हणून अध्यक्ष. दुसरे एक डॉक्टर. त्यांना शवविच्छेदनाच्या आठवणी नेमक्या जेवताना यायच्या. तिसरे चिकूचे व्यापारी जिग्नेशभाई. त्यांच्या गोडाऊनमध्ये दोनदा चोरी झाली होती, त्यामुळे गुन्ह्याचा प्रत्यक्ष अनुभव म्हणाल तर तो त्यांनाच होता.

या तिघांनी पहिल्याच बैठकीत शिस्त लावली. हजेरी अंगठ्याने. सही खोटी असते, अंगठा खोटा नसतो. अंगठा उठलाच नाही तर त्रयस्थ साक्षीदार आणायचा. मात्र तो कॉलेजचा पगार घेणारा नको, कारण पगारी माणूस दबून बोलतो. आणि बरोबरीचा नको, कारण बरोबरीचा माणूस मैत्रीखातर बोलतो. नियम सगळ्यांना सारखा, सल्लागारांनासुद्धा. हे शेवटचं वाक्य चुरीसाहेबांनी स्वतः घातलं होतं. त्या दिवशी टाळ्या पडल्या होत्या.

रुपल रोज पहाटे आईबरोबर कोलंबी सोलायची. मग आंघोळ करून, शेअर रिक्षात अर्धी बाहेर बसून, कॉलेजात पहिल्या बाकावर हजर व्हायची. कोलंबीने आणि बर्फाने तिच्या बोटांवरच्या रेषा पार पुसून टाकल्या होत्या. मशीनच्या लेखी ती यंदा कॉलेजात आलीच नव्हती, आणि न आलेल्या मुलीला शेवटच्या वर्षाच्या परीक्षेला बसवता येत नाही. आज त्याचा निकाल लावायचा होता, म्हणून तिला बोलावून समोर उभं केलं होतं. समोर उभी असलेली मुलगी आलीच नाही हे सिद्ध करायचं होतं, पण तज्ज्ञांना तेवढं अवघड नसतं.

विभागप्रमुख उन्नती मॅडम म्हणाल्या, मी हिला रोज वर्गात बघते. साहेबांनी त्यांना पगाराची आठवण करून दिली. वर्गातल्या मुली साक्ष द्यायला दाराबाहेर थांबल्या होत्या. त्या बरोबरीच्या निघाल्या, म्हणून त्यांना घरी पाठवलं. डॉक्टरांनी रुपलकडे निरखून पाहिलं आणि विचारलं, तू वेणूची मुलगी ना? दर रविवारी ते वेणूकडूनच कोलंबी घेत. सोललेलीच हवी, असा त्यांचा आग्रह असे.

“शास्त्र असं सांगतं,” साहेब म्हणाले, “की ही मुलगी वर्षभर इथे नव्हती.”

हिला परीक्षेला बसू देऊ नये, असा ठराव लाहू क्लार्कने लिहिला. रुपल रडली नाही. तिने अंगठा मुठीत घेतला आणि मूठ ओढणीखाली नेली.

समोसे आले. समोसेवाला ताट ठेवून गेला. ठरावावर सह्या करण्याआधी सल्लागारांची हजेरी व्हायची होती, म्हणून लाहूने मशीन टेबलावर फिरवलं. डॉक्टरांचा अंगठा लागला. जिग्नेशभाईंचा लागला. साहेबांनी ऐटीत अंगठा टेकवला.

“कृपया पुन्हा प्रयत्न करा.”

त्यांनी रुमालाने अंगठा पुसला. फुंकर मारली. डावा लावून पाहिला. मग मशीन बिघडलंय असं जाहीर केलं. लाहूने स्वतःचा अंगठा लावून दाखवला, तर बाई लगेच “धन्यवाद” म्हणाली.

वय झालं की कातडी सुकते, रेषा विरतात, असं डॉक्टर म्हणाले, पण ते मृतदेहाबद्दल बोलावं तशा आवाजात म्हणाले. ठशाच्या रेषा माणूस जिवंत असेतो बदलत नाहीत, हे साहेबांच्या प्रत्येक व्याख्यानातलं पहिलं वाक्य होतं. आता एक तर ते वाक्य चुकलं होतं, नाहीतर साहेब.

तिघं हजर नसतील तर बैठकच होत नाही. पुढच्या वर्षी विभाग चालू ठेवायची या बैठकीची मंजुरी तर आजच्या आज विद्यापीठात जायची होती.

“बँकेतही असंच झालं,” साहेब हळूच म्हणाले. “हयातीच्या दाखल्याला.”

रुपलला आपल्याविरुद्धचा ठराव आठवत होता, पण तिला राहवलं नाही. तेल लावलं की कधी कधी उठतो, ती म्हणाली. रेशनच्या दुकानात आई डोक्यावर अंगठा घासते. साहेबांच्या डोक्यावर घासण्यासारखं काही नव्हतं, म्हणून तिने समोशांचं ताट पुढे सरकवलं. ठसेतज्ज्ञांनी समोशावर अंगठा दाबला, मग मशीनवर दाबला. बाई तिच्या म्हणण्यावर ठाम राहिली.

राहिला त्रयस्थ साक्षीदार. साहेबांनी खोलीभर नजर फिरवली. मॅडम पगारी, लाहू पगारी. डॉक्टर आणि जिग्नेशभाई बरोबरीचे. समोसेवाला तर केव्हाच गेला होता.

“मी बघतेय की साहेबांना,” रुपल म्हणाली. “मघापासून इथेच आहेत.”

“अरे पण पोरी,” जिग्नेशभाई समोसा हातात धरून म्हणाले, “तू तर इथे नायस ना.”

साहेबांनी ठरावाचा कागद ओढून घेतला. त्यावर त्यांच्या अंगठ्याचा तेलकट डाग उमटला. गोल, गुळगुळीत, एकही रेषा नसलेला. त्यांनी तो निरखून पाहिला आणि ठरावावर काट मारली.

“लाहू, आधी हिला लिही, वर्षभर हजर,” ते म्हणाले. “मग मला, आजच्यापुरता.”