अकरा फोटो शिल्लक

"अजून अकरा फोटो शिल्लक आहेत," नवरा म्हणाला. "रोल अर्धवट कशाला धुवायचा? पुढच्या महिन्यात ताईच्या पोरीचा साखरपुडा होऊ दे, मग टाकू."

दिवाळीला तिचे वडील पेरूंची पिशवी घेऊन आले होते, तेव्हा फाटकापाशी याच रोलवर त्यांचा एक फोटो काढला होता. आयुष्यातला तेवढा एकच. त्यांना जाऊन आज नऊ दिवस झाले होते आणि तेराव्याला हार घालायला माहेरी दुसरा फोटो नव्हता.

तिने कपाटावरचा कॅमेरा उचलला आणि समोरच्या भिंतीचा फोटो काढला. मग पंख्याचा. मग मिक्सरचा.

"अगं, वेड लागलं का? फुकट जातायत!"

"ताईंच्या मांजरीचे चार फोटो आहेत यात. ते नाही गेले फुकट?"

दर फोटोनंतर फ्लॅश भरायला वेळ लागायचा. बारीक नारिंगी दिवा लागेपर्यंत ती दात आवळून थांबायची आणि पुन्हा बटण दाबायची. कॅमेऱ्याच्या मागच्या खिडकीतला आकडा छत्तीसपैकी पस्तिसावर आला.

"एवढा एक तरी ठेव," तो हळूच म्हणाला.

तिने कॅमेरा त्याच्याकडे वळवला. सवयीने त्याने शर्टाचं वरचं बटण लावलं, केसांवरून हात फिरवला.

"हसू नका," ती म्हणाली.

फ्लॅश पडला. आतली मोटार घरघरत रोल गुंडाळू लागली. पायात चपला सरकवून ती दारात उभी राहिली, मोटार थांबायची वाट बघत.