तेच प्रश्न पुन्हा

“जिना चढताना?”

“दुखत न्हाई.”

“खाली बसून उठताना?”

“न्हाई म्हणते की, पोरी. सगळीकडं शून्य लिव.”

स्वप्नालीचं पेन थांबलं. ती सांगलीच्या कॉलेजात फिजिओथेरपी शिकत होती. गुडघ्यांची झीज झालेल्यांसाठी थायलंडात केलेली एक प्रश्नावली तिनं मराठीत आणली होती. तिथली माणसंही आपल्यासारखीच जमिनीवर बसतात, म्हणून. देवळात गुडघे टेकण्याचा प्रश्न काढून तिथं मेंढरांमागं चालण्याचा घातला होता, आणि त्याचं तिला केवढं कौतुक. आता पंधरा दिवसांनी तेच प्रश्न विचारून उत्तरं जुळतात का, एवढंच पाहायचं होतं.

गेल्या खेपेला हरणाबाईनं प्रत्येक प्रश्नाला चार सांगितलं होतं. चार म्हणजे सोसवत नाही. कुणीतरी आपुलकीनं विचारतंय म्हटल्यावर म्हातारीनं सात वर्षांचं दुखणं भडाभडा ओकलं, आणि लेक बिराप्पा शेजारीच बसलाय याचं तिला भान राहिलं नाही. तोवर तिनं घरात हूं की चूं केलं नव्हतं. ऐकून त्याच्या काळजाचं पाणी झालं. त्यानं मेंढरं विकली. आईच्या सुखासाठीच की! न्यायला आलेला टेम्पो आता वाडग्याशी उभा होता. मेंढरं वाडग्याच्या कुंपणाआत निवांत बसली होती.

“आजी, मागच्या वेळी तुम्ही...”

“तवा खोटं बोलले मी.”

“आणि मेंढरांमागं चालताना?”

“उलट बरं वाटतंय,” हरणाबाई म्हणाली. “अगं, लिव की बाई. त्याला वाचून दाव.”

बिराप्पा दारातच उभा होता. त्यालाही हे खरं मानायचं होतं, ते त्याच्या तोंडावर दिसत होतं.

“आये, मग उकिडवी बसून उठून दाव. कशाला न धरता. टेम्पो आत्ता माघारी लावतो.”

हरणाबाई दात आवळून खाली बसली. मग उठायला गेली. पुन्हा गेली. तिसऱ्यांदा तिनं दोन्ही तळवे भुईला टेकले आणि नुसती थरथरत राहिली. आयुष्यात कुणाचा आला नसेल एवढा राग तिला आपल्या गुडघ्यांचा आला.

बिराप्पानं हात पुढं केला. तिनं तो झिडकारला.

“मेंढरं बसल्यात तवर मी बी बसते,” ती म्हणाली. “त्यांच्या आदी मी कवा उठलीया व्हय?”

स्वप्नालीनं कागद उलटा करून मांडीवर ठेवला.

वाडग्यात ड्रायव्हरनं शीळ घातली. सगळी मेंढरं एकदम उठून उभी राहिली.