अर्ध्या सुराने वर

चिमणीने टेप उबेच्या कपाटातून काढली आणि यंत्रावर चढवली. आठ तास मंद उबेत राहिल्यावर जुन्या टेपचा चिकटपणा जातो, पण तेवढ्यापुरताच. फार तर तीन वेळा ती धड वाजणार होती. पहिली वेळ सकाळीच खर्च झाली होती, आणि तेव्हापासून चिमणीच्या डोक्यात त्रेपन्नाचा आकडा घोळत होता.

चिमणी म्हणजे पन्नाशी ओलांडलेली, चष्मा दोरीला बांधून फिरणारी बाई. पण या स्टुडिओत ती अण्णांच्या मांडीवर बसून मोठी झाली, तेव्हा पडलेलं नाव आता जाणार कुठे? अण्णा तिचे वडील. टेपवरचं गाणं त्यांनीच भरलं होतं, चाळीस वर्षांपूर्वी, याच खोलीत. ते ज्यांनी गायलं त्या मावशी आता बाजूच्या खुर्चीत पर्स मांडीवर धरून बसल्या होत्या. रेकॉर्ड कंपनीला फक्त स्वच्छ कॉपी हवी होती, जशी आहे तशी. मावशींना बोलवायचं काही कारण नव्हतं. तरीही चिमणीने सकाळीच फोन करून त्यांना बोलावून घेतलं होतं.

जुन्या टेपमध्ये गाण्याच्या खाली विजेची बारीक घूं असते, दिव्यांची आणि तारांची. मुद्दाम ती कुणी ऐकत नाही. चिमणी ऐकते, तिचं पोटच त्यावर चालतं. ही घूं सेकंदाला पन्नास वेळा व्हायला हवी. या टेपवर ती त्रेपन्न वेळा होत होती. म्हणजे अण्णांचं यंत्र त्या दिवशी दमून हळू फिरलं असणार. हळू भरलेली टेप नेहमीच्या वेगाने वाजवली की गाणं पळतं, आणि आवाज चांगला अर्ध्या सुराने वर चढतो. तशीच ती रेकॉर्ड निघाली, तशीच घरोघरी गेली.

की नव्हतं तसं काही? त्या काळातली वीज तरी कुठे भरवशाची होती! मुळातली घूंच त्या दिवशी त्रेपन्नाची असेल. आणि अण्णांची चूक काढायची चिमणीला हौसही नव्हती. यंत्र जुळवताना मिलिमीटरच्या दहाव्या भागासाठी अख्खी दुपार घालवणारा माणूस तो.

पण प्रश्न मावशींचा होता. रेकॉर्ड गाजली आणि तीन वर्षांत त्यांनी गाणं सोडलं. कार्यक्रमात लोक हेच गाणं मागत, साथीदार रेकॉर्डची पट्टी धरत, आणि वरच्या सुराशी मावशींचा गळा दगा देई. स्टुडिओवाल्यांनीच काहीतरी करामत केली असेल, असं पहिल्या रांगेतलं कुणीतरी म्हणालं. मावशींनी ते ऐकलं आणि त्यानंतर त्या मंचावर चढल्या नाहीत.

गाणं सुरू झालं. पहिली ओळ सरेपर्यंत मावशींनी डोळे मिटून ऐकलं, मग तोंड वाकडं केलं.

"चाळीस वर्षं या बाईवर जळतेय मी," त्या म्हणाल्या. "माझं नाव लावून फिरते, आणि मला काही तिच्यासारखं जमत नाही."

चिमणीने टेप थांबवली. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा काही वाटलं नव्हतं का, असं तिने सहज विचारल्यासारखं विचारलं.

"वाटलं ना. अण्णांना म्हटलं, ही मी नाही वाटत. ते हसले. म्हणाले, स्वतःचा आवाज बाहेरून ऐकला की सगळ्यांनाच परका वाटतो."

चिमणीला हे वाक्य पाठ होतं. अण्णा हे प्रत्येक नव्या गायकाला सांगत. ती स्वतः आठवड्यातून चार जणांना सांगते. आणि एरवी ते खरंच असतं.

तिने घूं मोजणारी स्क्रीन स्वतःकडे वळवली, मावशींना आकडा दिसणार नाही अशी. मग वेगाचं बटण मोकळं केलं आणि त्यांची खुर्ची यंत्राजवळ ओढली. वेग टेपवरच ठरवावा लागतो. मागाहून कॉम्प्युटरवर बदलला की आवाजाचा थोडा कस जातो. हे तिने मावशींना सांगितलं. त्रेपन्नाचं सांगितलं नाही.

"हे हळूहळू फिरवा. गाणं तुमच्या गळ्यात बसेल तिथे थांबा."

"मला यंत्रातलं काय कळतंय गं?"

"यंत्रातलं कळायला नकोच आहे, मावशी."

टेप पुन्हा फिरू लागली. मावशींनी बटणाला बोट लावलं, गरम तव्याला लावावं तसं. आवाज किंचित उतरला. त्या ओठातल्या ओठात गुणगुणत होत्या, मध्येच अडखळत होत्या. मग जरा जास्तच फिरवलं. गाणं झोपाळलेलं वाटू लागलं. मान हलवून त्यांनी ते परत वर घेतलं. चिमणी मुद्दाम स्क्रीनकडे बघत नव्हती. आपण बरोबर ठरावं की चूक, हे तिचं तिलाच कळत नव्हतं.

वरच्या सुराची ओळ आली. मावशी तिच्यासोबत वर गेल्या, अगदी हलक्या आवाजात, आणि तिथे नीट पोचल्या. बोट बटणावरून निघालं.

"ही," त्या म्हणाल्या. "ही मी."

चिमणीने स्क्रीनकडे पाहिलं. पन्नास.

तिने स्क्रीन त्यांच्याकडे वळवली आणि सगळं सांगितलं, घूं कसली ते, यंत्र कसं दमलं ते, अण्णांचं नाव न वगळता. मावशींनी वाकून आकडा वाचला. अण्णांना त्यांनी बोल लावला नाही. अजून किती वेळा वाजेल ही, एवढंच विचारलं.

"एकदाच. त्यातच कॉपी करायची, याच वेगाने."

मावशींनी पर्स खाली जमिनीवर ठेवली आणि खुर्चीत ताठ बसल्या.

"लाव पहिल्यापासून," त्या म्हणाल्या, आणि घसा खाकरला.